सातवं प्रकरण

“ताई, तो शब्द परत घ्या. गिळलात तुम्ही.”

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. म्हणाला म्हणजे माझ्या हेडफोनमध्ये पुटपुटला, आणि लगेच मान खाली घालून यंत्राची बटणं पुसायला लागला. ती बटणं त्यानं सकाळीच पुसली होती.

“मी कुठे गिळला?”

“‘यो’ ऐकू येतंय. ‘नी’ येत नाही.”

हा दोन मोठ्या मुलांचा बाप, आणि मी त्याच्याहूनही थोडी मोठीच. तरी आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे लाल झालो. मी कोमट पाण्याचा घोट घेतला, वाक्य पहिल्यापासून वाचलं आणि तो शब्द असा खणखणीत म्हटला, की रेकॉर्डिस्टनं दचकून आवाज कमी केला. मग हसू दाबत अंगठा दाखवला.

मी पुस्तकं वाचते. पगारी. आमची संस्था अंध सभासदांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते आणि ती वाचणं ही माझी नोकरी. खोलीच्या भिंती गाद्यांनी मढवलेल्या. आत पंखा लावायचा नाही, त्याची घरघर येते. कडक इस्त्रीचे कपडे घालायचे नाहीत, ते सळसळतात. उपाशी बसायचं नाही, पोट बोलतं. जेवून लगेच बसायचं नाही, ढेकर येतो. आणि सगळ्यांत वरचा नियम, मी नोकरीला लागले तेव्हाच्या वाचकबाईंनी सांगितलेला: पुस्तकात आपलं काही घालायचं नाही आणि पुस्तकातलं काही गाळायचं नाही. पानावर मुद्रणदोष असला तरी तोही वाचायचा.

हे पुस्तक साठी ओलांडलेल्या एका लेखिकेनं स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलेलं होतं. पहिली पाळी, लग्नाची पहिली रात्र, बाळंतपणं, मग नवऱ्याशेजारी कोरडी गेलेली वर्षं. सातव्या प्रकरणात ती लिहिते, की बाईच्या अंगात सुखाचीही एक जागा असते हे तिला केस पिकायला लागल्यावर कळलं, आणि तेसुद्धा स्वतःच्याच हातानं. तिथं तिनं आडपडदा ठेवलेला नाही. प्रत्येक अवयवाला त्याचं नाव. वाचताना मी आधी लाजले, मग मला राग आला. लेखिकेचा नाही. एवढा संसार करून हे मला पुस्तकातून कळत होतं, याचा.

पुस्तक सभासदांकडे गेलं आणि फोन सुरू झाले. आमच्या सभासदांची एक गंमत आहे. लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी कुठला तरी लांबचा, बोलणारी मी. मला ते आवाजताई म्हणतात. खुनाची गोष्ट वाचली की विचारतात, “आवाजताई, बिचाऱ्याला कशाला मारलंत?” त्यामुळे सातव्या प्रकरणाचं सगळं माप माझ्याच पदरात पडलं.

पहिला फोन सरांचा. सर म्हणजे गाणं शिकवून निवृत्त झालेले, आमचे सगळ्यांत जुने सभासद. माझं एकही पुस्तक त्यांनी सोडलेलं नाही.

“ताई, तुमच्या तोंडी हे शोभतं का? मी आपलं नेहमीसारखं मोठ्यानं लावलं होतं. शेजारी सून भाजी चिरत होती.”

“मग सूनबाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. चिरायची थांबली.”

दुसरा फोन एका बाईचा. नाव सांगितलं नाही. “ते सातवं परत पाठवता का? माझ्याकडून पुसलं गेलं.” मग हळूच म्हणाली, “माझ्याकडून नाही. ह्यांनी पुसलं.”

घरीही बातमी पोचायची ती पोचलीच. नवऱ्याच्या मित्राचा भाऊ आमचा सभासद. जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, “मी आता चारचौघांत तोंड कसं दाखवू?”

“त्यांनी माझा आवाज ऐकलाय. तुमच्या तोंडाचा काय संबंध?”

“थट्टा नको. परक्या पुरुषांच्या कानात असलं बोलतेस तू.”

“तुमच्या कानात बोलू दिलंत कधी? दिवा घालवलात, कूस बदललीत, की तुमचं झालं. माझं काय झालं, विचारलंत एकदा तरी?”

एवढं मी आयुष्यात त्यांच्याशी बोलले नव्हते. ते उठले आणि उगाचच नळ घट्ट बंद करून आले. मला वाईट वाटलं. माणूस वाईट नाही. पण बोललेलं मागे घ्यावं असं काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं. हे गृहस्थ नेहमी गुळगुळीत बोलतात. त्यांच्या बोलण्यावरून पाय घसरावा.

“समितीनं ठरवलंय, सातवं प्रकरण काढायचं. रेकॉर्डिंग आम्ही कापतो. तुम्ही फक्त आकडे परत वाचून द्या. आठव्याला सातवं म्हणा, नवव्याला आठवं. कुणाला पत्ताही लागायचा नाही.”

काढा म्हणाले असते, तर मी भांडले असते आणि कदाचित दमून गप्पही बसले असते. पण त्या आकड्यांनी माझं डोकं फिरलं.

“म्हणजे पुस्तक तुम्ही कापणार, आणि ते कापलेलंच नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगायचं?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई.”

“दुकानातून पुस्तक आणणाऱ्याला ती मूठ उघडीच मिळते. आपल्याच सभासदांसाठी का झाकायची? त्यांना दिसत नाही म्हणून?”

“जमत नसेल तर दुसरी वाचक बघावी लागेल,” ते म्हणाले. तेही गुळगुळीतच.

रविवारी सभासदांची मासिक बैठक होती. सभागृह भरलं होतं. व्यवस्थापक पुढच्या सहलीबद्दल बोलत होते. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. प्रकरण, कात्री, आकडे.

“योग्यच करताहेत,” सर म्हणाले. “पुस्तक म्हणजे काही न्हाणीघर नव्हे.”

टाळ्या पडल्या. त्यांत बायकांच्याही होत्या. “खरंय, आपलं आपल्यापाशी ठेवावं,” मागून एक आजी म्हणाल्या.

तेवढ्यात टेलिफोनवाली उभी राहिली. ही एका मोठ्या कचेरीत फोन जोडून देते, जन्मापासून अंध. बोलायला लागली की ऐकणाऱ्याला आपणच उशिरा आलो असं वाटतं.

“मला आईनं पाळीबद्दल एकच वाक्य सांगितलं. डाग दिसला की मला हाक मार. सर, डाग मला दिसणार होता का?”

पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती बोलतच राहिली.

“डोळस माणसं चोरून चित्रं बघतात, पुस्तकं बघतात, आरशात बघतात. मला माझं अंग हातानं ठाऊक आहे, पण त्याची नावं मला कुणी सांगितलीच नाहीत. ती ह्या ताईंनी सांगितली. आता ती पण कापा.”

“पण घरात सगळ्यांसमोर ऐकायचं म्हणजे...” सर म्हणाले.

“हेडफोन मिळतात, सर.”

हशा पिकला. व्यवस्थापकांनी माइकवर दोनदा टकटक केली. “भावना समजल्या. पण ठराव झालेला आहे. आणि ताई, तुम्ही उद्या स्टुडिओची किल्ली जमा करा.”

“आजच घ्या,” मी म्हटलं आणि किल्ली टेबलावर टाकली. साध्या सभेत ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथं शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

मग मी पिशवीतून पुस्तक काढलं. “मी सातवं प्रकरण वाचणार आहे. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी बाहेर बसावं. ते जाईपर्यंत मी थांबते.”

व्यवस्थापकांनी माइक बंद केला. करू देत. इतकी वर्षं मी बंद खोलीत हळू वाचत आले होते. माझा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कुठून माहीत असणार?

खुर्च्या सरकल्या. काठ्या वाजायला लागल्या. चारपाच जण गेले, त्या आजीही गेल्या. सर मात्र दोन रांगांच्या मध्ये अडकले. त्यांच्या काठीला वाटच सापडेना. मी त्यांच्याजवळ गेले. अंध माणसाचा हात आपण धरायचा नसतो. आपला दंड पुढे करायचा. धरायचा की नाही ते तो ठरवतो. सरांनी जरा वेळ घेतला. मग धरला. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, आत आले, दार लावलं आणि वाचायला सुरुवात केली.

सगळं वाचलं. एका ठिकाणी कोपऱ्यातली एक बाई फसकन हसली. ते वाक्य विनोदी आहे हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेलिफोनवाली म्हणाली, “शेवटचं पान परत वाचाल?” मी परत वाचलं. रेकॉर्डिस्ट दाराशी उभा होता. या वेळी तो काही पुसत नव्हता.

बाहेर आले तर सर बाकावर एकटेच. त्यांच्या सोबतचा माणूस रागानं केव्हाच निघून गेला होता, यांना न घेताच. मी पुन्हा दंड पुढे केला. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. तिथं पोचल्यावर त्यांनी हात सोडला.

“तुमची सगळी पुस्तकं मी परत करणार आहे.”

“बरं.”

“तुमचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.”

मला रडू आलं, पण आवाजात येऊ दिलं नाही. तेवढी कला मला येते. “बरं, सर,” मी म्हटलं.

बस आली. दार उघडलं. लोक घाईघाईनं आत शिरले, कुणाच्या तरी धक्क्यानं सरांची काठी वाकडी झाली, आणि ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले.

“पायरी?” त्यांनी विचारलं.

“एकच आहे. उंच आहे जरा. आता उचला.”

त्यांनी पाय उचलला.