समुद्राचं भांडण आणि माझं घर

समुद्र का तापतो यावरून माझा नवरा आणि माझा भाऊ माझ्याच दारात इतकी वर्षं भांडले, की त्यांच्या बुडाखालचा बाक झिजला. समुद्राला मात्र त्यातलं काही कळलं नाही.

मी दोमितिला. पिउरा नदी जिथं समुद्राला न पोचताच वाळूत जिरते, त्या सखल अंगाला आमचं गाव. मक्याची चिचा, म्हणजे आमची गावठी दारू, आंबवून विकायची हा गावात माझ्या एकटीचा धंदा. चिचा तयार झाली की दारावर काठीला पांढरं फडकं लावायचं, मग गावातले रिकामटेकडे वास काढत येतात. त्यातले पहिले दोघे कायम घरातलेच. नवरा नोल्बेर्तो शेळ्या राखतो. भाऊ तेओफिलो खाडीतल्या शिंपल्यांच्या होडीवर जातो. दोघंही कामापेक्षा बोलण्यात वस्ताद.

भांडण बाळाचं. नाताळच्या सुमाराला, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, कधीमधी समुद्र तापतो, मासळी पळून जाते आणि आमच्या कोरड्याठाक मुलखात आभाळ फाटतं. जुन्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. एल निनो म्हणजे आमच्या बोलीत बाळच; आता सगळं जग एल निनो, एल निनो करतं, पण बारसं आमच्याकडचं.

नोल्बेर्तोचं म्हणणं एकच. ही समुद्राची जुनी खोड आहे, आज तापला, उद्या निवला. त्याच्या आज्यानं हेच पाहिलं आणि पणज्यानंही. घरामागं बाभळीसारखं एक जुनं अल्गारोबोचं झाड होतं, त्याच्या खोडावर दर पुराची कोयत्यानं केलेली खूण होती. आमचा उंबरा सगळ्यात वरच्या खुणेच्याही वीतभर वर. म्हणजे घराला धोका नाही आणि विषय संपला. तेओफिलोला ते पटायचं नाही.

"दाजी," तो म्हणायचा, "पोरगं गाडीत उभं ऱ्हाऊन उड्या मारतंय. वर जातंय, खाली येतंय, ती त्याची खोड, मला मान्य हाय. पर गाडीच चढाला लागलीया. आता त्याची उडी तुमच्या खुणंवर थांबंल व्हय?"

"आन् गाडी वढतंय कोन?"

"मानसंच. धूर करनारी."

"मंग त्यास्नी जाऊन सांग. माज्याकडं येक गाढव हाय, ते बी धूर करत न्हाई. धूर त्यांनी करायचा आन् घर म्या हलवायचं व्हय रं, मेव्हण्या?"

यावर तेओफिलो रिकामा वाडगा माझ्यापुढं धरायचा. खरं सांगायचं तर नवऱ्याचं एवढं बोलणं मलाही पटायचं, आणि त्याचा मला रागच यायचा. पण मला उत्तर नको होतं, घर हवं होतं. कुडाचं घर ते. त्याची वीत न् वीत मी लिंपलेली. चिचेचे रांजण आईकडून आलेले. पाणी एकदा भिंतीला लागलं की कूड विरघळायला वेळ लागत नाही, मग खोड कुणाची आणि गाडी कुणाची हे विचारायला मी जायचं कुठं?

एका वर्षी रेडिओवाला रोज बोंबलायला लागला की यंदा थोरला बाळ येतोय. मी ठरवलं, घर वाळूच्या टेकाडावर न्यायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो खुणा दाखवायला मला झाडाकडं घेऊन गेला. मी निमूट बघितल्या आणि घरी येऊन मका भिजत घातला.

आमच्याकडं घर हलवायची रीत आहे. घरातल्या बाईनं त्या कामासाठी म्हणून चिचा करायची. त्या चिचेचा वाडगा ज्यानं तोंडाला लावला, त्यानं खांदा द्यायचा. प्यायला आणि पळाला तर त्याच्या घराला जन्मात कुणी हात लावत नाही. फडकं लागलं, गडी जमले. कोरलेल्या भोपळ्याचा पहिला वाडगा मी नवऱ्याच्या हातात दिला, दुसरा भावाच्या. दोघं तेव्हा समुद्र खालून तापतो का वरून यावर आले होते. वाडगे कधी रिकामे झाले त्यांना कळलंही नाही. गड्यांनी आढं सोडवलं, छप्पर उचललं, तरी हे चालूच. टाळक्यावर ऊन आलं तेव्हा नोल्बेर्तोनं वर पाहिलं.

"छप्पर कुटं गेलं?"

"चढावर," मी म्हटलं. "तुमी प्यालाय. उटा, खांदा द्या."

त्यानं वाडग्यात पाहिलं. मग गड्यांकडं पाहिलं. एकही जण हसला नाही, कारण रीत म्हणजे रीत. शेवटी कुडाच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला तेओफिलो, असे दोघं भांडत भांडत माझं घर टेकाडावर घेऊन गेले.

आणि बाळ आलाच नाही. त्या उन्हाळ्यात चार थेंब पडले, तेही माझं वाळवण भिजवण्यापुरते. रेडिओवाला दुसरंच काहीतरी बोलायला लागला. टेकाडावर वारं इतकं, की भाकरीपेक्षा वाळू जास्त खाल्ली. पाण्यासाठी उतरायचं आणि घडा घेऊन चढायचं. खालच्या बाया मला ढगांची सासू म्हणायच्या. नोल्बेर्तोचं तर काय विचारता. तो गावभर छाती काढून फिरला.

तेओफिलो म्हणाला, एक वर्ष पाऊस चुकला म्हणून गाडी थांबली असं होत नाही.

"आला तरी तुजंच खरं आन् न्हाई आला तरी तुजंच खरं," नोल्बेर्तो म्हणाला. "लई झ्याक धंदा हाय तुजा."

मग त्यानं घर परत खाली न्यायचं ठरवलं. गडी लगेच तयार झाले, फुकटची चिचा कुणाला नको असते? त्यांना घर वर नेण्यात आणि खाली आणण्यात काही फरक नव्हता. पण चिचा करायची मी. मी रांजण धुऊन उपडे घातले आणि दारात शेंगा सोलत बसले. गडी आले, रांजण बघितले, ओशाळे होऊन परत गेले. नोल्बेर्तो रुसला, ओरडला, शिव्या देत माझ्या आईपर्यंत पोचला. विकायला केली असती तरी त्यानं तीच गड्यांना पाजली असती, म्हणून गावात महिनोन् महिने घशाला कोरड. बायका मला शिव्या द्यायच्या, कारण त्यांचे नवरे आता घरीच बसून कटकट करायचे. धंदा बुडाला, खोटं कशाला बोलू, दोनदा माझा हात मक्याकडं गेलाही. पण मी मका भिजवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रेडिओवर सगळं गोड गोड चाललं होतं. तेव्हाच तेओफिलो खाडीवरून आला आणि म्हणाला, "अक्का, पानी आंगुळीच्या पान्यासारखं झालंय. शिंपलं मरून पडल्यात." चार दिवसांत आभाळ फाटलं ते मिटलंच नाही. नदीनं बांध फोडला. लोक पोरं, कोंबड्या आणि गाद्या डोक्यावर घेऊन टेकाडावर आले, आणि टेकाडावर घर एकच होतं.

संध्याकाळी मी दारातून खाली पाहिलं. अल्गारोबोचा फक्त शेंडा वर होता, सगळ्या खुणा पाण्यात. जिथं माझी चूल होती तिथून कुणाचीतरी मेलेली शेळी फिरत फिरत गेली. मी तिथंच बसले आणि रडले.

उठले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मला ढगांची सासू म्हणणाऱ्या बायाच पोरांना माझ्या घोंगडीत गुंडाळत होत्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझी दोन माणसं भांडत होती. तेओफिलो म्हणत होता, बघा, खुणेच्या वर गेलं का नाही. नोल्बेर्तो म्हणत होता, बाळ येत-जात ऱ्हातो हे म्याच सांगितलं हुतं, आन् खुणंच्या वर पानी वाऱ्यानं ढकललंय. एक तान्हं दचकून उठलं.

मी दोघांचे दंड धरले, त्यांना दाराबाहेर वळचणीला उभं केलं आणि आतून कडी लावली. मग नोल्बेर्तोचा आवाज आला, हळू, दाराला तोंड लावून.

"दोमितिला. घराचं तुजं खरं हुतं."

माझा हात कडीवर गेला.

"पर समुद्राचं माजंच खरं हाय," तो म्हणाला.

मी हात काढून घेतला आणि पोरांसाठी चूल पेटवायला गेले.