आकडा पिणारे बाबा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो गाठीची शंका दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट उंच धरून उभा. बाबा एकेक कागद पेल्यातल्या पाण्यात बुडवायचे आणि ते पाणी घटाघटा पिऊन टाकायचे. अर्ध्या गावाची शाई त्यांच्या पोटात गेली असावी.

"तुझा आकडा मी प्यायलो! आता सिगारेटला शिवायचं नाही. धूर शिरला की आकडा परत येतो. तीन महिन्यांनी तपासून बघ!"

आणि आकडे खरंच उतरत. टेलरबाईंच्या नवऱ्याचाही उतरला. आतड्यातल्या गाठीमुळे वाढणारं एक प्रथिन त्याच्या रक्तात जास्त निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तपासायला सांगितलं, तर या पठ्ठ्याने बाबा गाठले. नवा रिपोर्ट आला आणि स्वारी हवेत.

"बघ, गाठ विरघळली! आता कशाला नळ्या घालून घ्यायच्या?"

पण शौचातून रक्त जातच होतं. एका सकाळी ते बाईंनी पाहिलं आणि त्या इतक्या घाबरल्या, की त्याचं काही न ऐकता त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

"सिगारेट सोडलीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाबांनी सोडायला लावली."

"मग उतरणारच! ओढणाऱ्यांच्या रक्तात हे प्रथिन एरवीही थोडं चढलेलं असतं. सिगारेट सुटली की खाली येतं. गाठ मात्र असली तर तिथेच राहते."

दुर्बिणीत गाठ दिसली. तुकडा तपासला, कर्करोग निघाला.

बाई तडक सभागृहात गेल्या. "ज्यांचा आकडा उतरला, त्यांनी हात वर करा!" भराभर हात वर गेले. "आता ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही, त्यांनी खाली घ्या."

एकही हात हलला नाही.

"श्रद्धा नाही हिची!" बाबा ओरडले.

"माझ्या लेकीलाही असंच म्हणालात," मागून एक आजी म्हणाल्या. "ती कधी ओढत नाही. तिचा आकडा चढतोच आहे."

बाई सगळ्यांकडे वळल्या. "उद्या माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटतेय. तुम्हालाही वाटते, म्हणून तर आलात. पण आकडा नुसता इशारा देतो. आत काय आहे, ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरकडे जा, तपासून घ्या!"

बाबांनी पुढच्या कागदासाठी हात पुढे केला. आजींनी लेकीचा कागद पिशवीत घातला.

"लेक बाहेर बसलीये," त्या बाईंना म्हणाल्या. "आत्ताच चल आमच्याबरोबर दवाखान्यात."