ब्रेकमधली हवा

दुपारच्या सामसुमीत दिवाणाखाली काहीतरी घरंगळलं. आवाज एवढासाच, गोटी फरशीवरून जावी तसा. पण लेकीला, जान्हवीला, थोपटणारा मानसीचा हात तिथल्या तिथे थबकला. चादरीच्या झालरीखालून एक जाडजूड बोल्ट बाहेर आला, खोलीच्या मधोमध स्वतःभोवती एक गिरकी घेऊन निपचित पडला.

दिवाणाखाली हर्षदचं खोकं होतं.

हर्षद म्हणजे देवेशचा धाकटा भाऊ, मानसीचा दीर. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. मागे राहिली ती खाली स्टिल्टच्या पार्किंगमध्ये उभी असलेली त्याची लाल गाडी, आणि हे खोकं. गाडी दिसायला चिमुकली, मूठभर. पण इंजिन दांडगं, पिसाटासारखी पळायची. "पळते झकास गं वहिनी, पण थांब म्हटलं की आधी विचार करते," असं तो हसत म्हणायचा. म्हणून त्याने मोठे ब्रेक मागवले होते. रुंद डिस्क, डिस्क चिमटीत पकडणारे चार पिस्टनचे कॅलिपर, वरून स्टीलची जाळी विणलेले पाइप. खोकं घरी आलं आणि त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. खोकं दिवाणाखाली सरकवलं गेलं ते तिथेच राहिलं.

"उंदीर असेल," संध्याकाळी देवेश म्हणाला. त्याने वाकून खोकं ओढून काढलं. मानसीने सगळ्या बाजूंनी पाहिलं. कुठे दात लागलेला नव्हता, वरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. देवेशने तिकडे लक्षच दिलं नाही. तो बोल्ट तळहातावर घेऊन जोखत बसला.

"मानसी, बसवू या का गं? वर्षश्राद्धाला त्याच्याच गाडीने जाऊ."

"गॅरेजला दे मग."

"हर्षदने दिली असती गॅरेजला?"

गाव कणकवलीच्या पलीकडे. देवेशला हायवेच्या खड्ड्यांचा वैताग, म्हणजे तो कोल्हापूरवरून फोंडा घाट उतरणार. मागच्या सीटवर पाच वर्षांची जानू असणार. मानसीच्या डोळ्यांसमोर घाटातलं एकेक वळण आलं, आणि प्रत्येक वळणावर जानूची वेणी एका बाजूला झुकलेली दिसली.

"ठीक आहे," ती म्हणाली, "पण पेडलवर मी बसणार. आणि माझ्या पायाला पटलं नाही तर गाडी इथेच राहील, आपण एसटीने जायचं. मग रुसायचं नाही."

"पायाला पटलं नाही तर! ऐका!"

पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ब्रेकचा पाइप एकदा उघडला की आत हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. पाय पेडलवर पडतो आणि उशीत रुतावा तसा खाली जातो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक चाकापाशी. चाकापाशी असलेला म्हणतो "दाब"; सीटवरचा पेडल दाबतो. "धर" म्हटलं की दाबूनच ठेवायचं, तोवर खालचा पान्याने कॅलिपरवरची तोटी, म्हणजे निप्पल, सैल करतो आणि नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत उतरतात. निप्पल बंद झाला की मगच "सोड". निप्पल उघडा असताना पाय उचलला गेला, तर गाडी बाहेरची हवा घटाघट पिऊन घेते, आणि सगळं मुसळ केरात.

हे मानसीला हर्षदनेच शिकवलं होतं, ब्रेकचं तेल बदलताना. "वहिनी, प्रत्येक हाकेला मोठ्याने उत्तर द्यायचं हां. दाबलंय, धरलंय, सोडलंय. गप्प बसलीस की माझी वाट लागली." आणि काम संपल्यावर त्याने सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, की वहिनीसारखा पाय मुलुंडमध्ये दुसरा नाही.

घरात मात्र हाकेचा नियम नेमका उलटा होता, आणि तो सासूबाईंचा होता. रुक्मिणीबाईंचं आयुष्य मुंबईत गेलं, पण गावाहून आणलेल्या काही गोष्टी त्यांनी फ्लॅटमध्येही तशाच लावून ठेवल्या होत्या. मानसी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "तिनीसांजेक कोणी हाक मारली तर पयल्या हाकेक ओ देव नको गो बाय. आपलो माणूस तीनदा हाक मारता. दुसरो एकदाच मारता, आणि ओ दिलंस काय सोबत येता." तेव्हापासून या घरात दिवेलागणीला कोणीही कोणालाही बोलावायचं तर तीन-तीनदा. शेजारच्यांना वाटायचं, सगळं कुटुंब बहिरं आहे.

"आईच्या नियमाने चाललो," देवेश जॅक लावता लावता म्हणाला, "तर आपले ब्रेक तिसऱ्या हाकेला लागतील."

तो शनिवार होता. सकाळपासून गाडी स्टँडवर, चारी चाकं भिंतीला टेकवलेली. देवेश जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरून त्यावर उताणा पडलेला. सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई दूध घेऊन येताना थांबले. "देवेशभाई, आ सोसायटी छे के गॅरेज?" मग लाल गाडीकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "हर्षदनी छे ना? करो करो. तेल सांडवू नका फक्त."

दुपारपर्यंत व्हायचं काम संध्याकाळवर गेलं. एक जुना बोल्ट गंजून असा चिकटला होता की देवेश त्याच्याशी बोलायलाच लागला. आधी गोड, मग शिव्या. नवे कॅलिपर बसले तेव्हा मिठागरांकडून खारट वारा सुटला होता आणि स्टिल्टमधला उजेड राखेसारखा झाला होता. वर पहिल्या मजल्यावर रुक्मिणीबाईंनी दिवा लावल्याची घंटा वाजली.

"राहू दे ना आता," मानसी म्हणाली. "सकाळी करू."

"सकाळी पॅड घासून बसवायचेत, दुपारी निघायचंय. चल, तेवढी हवा काढून टाकू."

मानसी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. जान्हवी मागच्या सीटवर, मांडीत रंगांची डबी. बॉनेट वर उघडलेलं होतं, त्यामुळे काचेतून समोर नुसता लाल पत्रा. देवेश कुठल्या चाकापाशी आहे हे आवाजावरूनच कळायचं.

मागची दोन चाकं झाली. पुढचं उजवं झालं. "दाब." "दाबलंय." "धर." "धरलंय." "सोड." "सोडलंय." जानूही मागून पुटपुटत होती, शाळेतल्या पाढ्यासारखं. उजव्या चाकाचं झाल्यावर देवेश उठून डाव्या चाकाकडे गेला. हे शेवटचं. मानसीच्या बाजूचं दार उघडंच होतं. बाहेर तिच्या गुडघ्याजवळ, चाकाच्या रिकाम्या जागेत, काळोख साचत होता.

"दाब."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय." पेडल हळूहळू खाली गेलं, तळाला टेकलं. तिने पायात सगळं अंग ओतलं.

"सोड!" डावीकडून देवेशचा आवाज आला.

आणि त्याच क्षणी उजवीकडून, उघड्या दाराच्या अगदी खालून, कोणीतरी हलकेच म्हणालं, "वहिनी, धर."

विचार करायला वेळच नव्हता. दिवसभर जिभेला सवय लागली होती. हाक आली की उत्तर. "धरलंय, भावजी," मानसी म्हणाली.

म्हणून झालं आणि मग तिला कळलं की आपण काय म्हटलं.

"अगं सोड ना!" देवेश.

"धर. अजून धर." आवाज थकलेला होता, तापात होता तसा. शेवटी शेवटी तो पाणी मागायचा तेव्हा असाच बोलायचा. मानसीची पोटरी थरथरायला लागली. मागून जानूच्या डबीतली खडूंची खुडबुड बंद झाली होती.

"काय चाललंय तुझं? सोड म्हटलं ना मी..." आणि मग डावीकडे पाना खणकन फरशीवर पडला. "थांब! थांब, सोडू नकोस! च्यायला, हा तर उघडाच आहे. पाना नुसता घसरून फिरला गं, निप्पल फिरलाच नाही. धरून ठेव, मानसी, प्लीज धरून ठेव." दुसऱ्या पान्याचा आवाज, एक दमदार हुंकार. "हां. आता झाला. सोड आता."

मानसीने सोडलं नाही. ती उजवीकडे कान लावून बसली. आपला नवरा दोनदा सांगून चुकला होता, आणि तिला फक्त त्या दुसऱ्या आवाजाची खात्री वाटत होती. या गोष्टीची तिला जेवढी भीती वाटली तेवढी त्या आवाजाचीही वाटली नव्हती.

"सोड गं," उजवीकडून तो म्हणाला.

तिने पाय उचलला.

मग पुन्हा दाबून पाहिलं. पेडल दगड झालं होतं. वीतभरही नाही, बोटभर जाऊन थांबत होतं. मानसीच्या पायाला पटलं.

देवेश बॉनेटला वळसा घालून आला, तोंड तेलाने काळं. "सोडलं असतंस ना, तर कळलंही नसतं मला. घाटातच कळलं असतं." तो दाराला टेकला. "तुला कसं समजलं?"

"पायाला समजलं."

"आणि बोलत कोणाशी होतीस?"

"जानूशी," मानसी म्हणाली.

आरशात जानू तिच्याकडे बघत होती. मग तिने मान खाली घालून डबी बंद केली. लहान मुलं आईच्या खोटेपणाला एकदा अशी संधी देतात.

देवेश चाकं आणायला भिंतीकडे वळला तशी मानसी उतरली. उजव्या बाजूला कोणी नव्हतं. चाकाच्या रिकाम्या जागेत नवी डिस्क तेवढी चकाकत होती, आणि ती फिरत होती. अगदी सावकाश, कोणीतरी बोटाने ढकलून काम बरोबर झालंय का बघावं तशी. नव्या पॅडमध्ये ती इतकी मोकळी फिरायला नको होती. मानसीने तळहात टेकवला. डिस्क थांबली. तळहात मात्र खूप वेळ गार राहिला.

आणि मग तिला सासूबाईंचं बोलणं आठवलं, शेवटच्या 'सोबत येता'सकट. हर्षद आपलाच माणूस होता ना? मग आपल्या माणसासारखी तीनदा हाक का नाही मारली त्याने? की तेवढा वेळच नव्हता?

चाकं चढली, गाडी खाली उतरली. "मिठागरांच्या रस्त्याने एक फेरी मारतो," देवेश म्हणाला. "थोडे ब्रेक मारले की पॅड बसतील, मग सकाळी कटकट नको. तुम्ही दोघी इथेच थांबा."

गेटपाशी मानसी जानूचा हात धरून उभी राहिली. लाल दिवे वळणावरून दिसेनासे झाले. त्या रस्त्याला एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काळं, सपाट पाणी. लांबून कधी इंजिन चढल्याचा आवाज यायचा, मग ब्रेक, मग शांतता. मग पुन्हा इंजिन.

"आई, माझा हात दुखतोय," जानू म्हणाली, तेव्हा आपण तो किती आवळलाय ते तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात रुक्मिणीबाई जिना उतरून आल्या. हातात ताटली, ताटलीत नारळ आणि कुंकू. उद्या निघताना घालायचं गाऱ्हाणं त्यांना आत्ताच, गाडी बरी झाली त्या घटकेला घालायचं होतं. "माझ्या झिलान, हर्षदान घेतलेले ब्रेक," त्या म्हणाल्या, "देवाच्या कानार घालूक होये."

गाडी आली. अगदी त्यांच्या पुढ्यात, न किंचाळता, न डोकं वाकवता, मांजर बसावी तशी थांबली. देवेश उतरला. हसत होता, पण चेहरा उतरलेला होता.

"एक नंबर ब्रेक आहेत. खरंच. आईची शपथ, असे ब्रेक मी कधी..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "फक्त ती वायरिंग कुठेतरी शॉर्ट झाली असेल. शेजारच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून सारखी टिंग टिंग चालू. सीटवर काही ठेवलं नव्हतं मी. वाटेत म्हटलं, हर्षद, बेल्ट लाव रे बाबा. आपली गंमत."

"मग?"

"मग थांबली."

आतून गाडीचं गरम लोखंड टिक टिक करत निवत होतं. रुक्मिणीबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, देवेशकडे पाहिलं, आणि नंतर बराच वेळ मानसीकडे.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी नेवया मां?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. अट तिचीच होती. आणि ब्रेक चांगले होते. याहून चांगले ब्रेक या गाडीला कोणीच बसवू शकलं नसतं. जानू घाटात सुखरूप उतरेल, याबद्दल आता तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"नेऊ या," मानसी म्हणाली.

देवेशने किल्ली खिशात टाकली. रुक्मिणीबाईंनी नारळ कपाळाला लावला. जानूने आईचा पदर ओढला, आणि मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलायचं असेल तेव्हा विचारते तसं, अगदी नीट, विचारलं:

"आई, मग उद्या पुढे आजी बसणार की काका?"