तांडेलाची गाडी

"पाटा वर नको रे मेल्या! पाटा खाली, हंडे वर. हंडा चेपला तर येसूवयनी माझा डोस्का चेपील," धाकू ओरडला आणि रामाने हंड्यावर ठेवलेला पाटा निमूटपणे उतरवला.

धाकू हा गाडीतळावरचा गाडीवाला. रत्नागिरीत मोटारी नुकत्याच येऊ लागल्या होत्या, पण बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की लोकांची पावलं अजून त्याच्याकडेच वळत. बैलगाडी त्याची, दोर त्याचे, उचलाउचलीला रामा आणि तळावरचे आणखी दोघे हमाल. तोंडाचा पट्टा तेवढा फुकट मिळे.

तेली आळीतलं येसूबाईचं बिऱ्हाड सकाळपासून उपसलं जात होतं. घरमालकाला लेकाच्या लग्नाआधी जागा हवी होती, आणि झाडगावातल्या तिच्या भावाने आपल्या वाडीतल्या खोल्या येसूबाईला देऊ केल्या होत्या. सामान म्हणाल तर गरिबाचं, एका खेपेत जाणारं. तिचा घोर सामानाचा नव्हता. तो माजघरात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

तिचा नवरा आत्माराम मांडवी बंदरावरचा तांडेल होता. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना शिडाच्या पडावात घेऊन धक्क्यावर आणायचं काम त्याचं. सुकाणू त्याच्या हाती असलं की खवळलेल्या पाण्यातही बायकापोरं निर्धास्त बसत. अशाच एका खेपेला त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून तो ओसरीवरसुद्धा आला नव्हता. ज्यांनी आपल्याला ताठ उभं पाहिलं त्यांनी असं लोळागोळा झालेलं बघावं, हे त्याला सोसत नसे. "हितनं आता आडवाच जानार मी," असं तो बायकोला अडखळत सांगे. घर सोडायचं ठरल्यापासून तर त्याने जेवणही टाकलं होतं.

येसूबाई गाडी ठरवायला गेली तेव्हा धाकूला एवढंच म्हणाली होती, "धाकूभावजी, काय फुटलं तर फुटू दे. ह्यांना मात्र नीट न्या."

"त्याची काळजी नको वयनी. मऊ गादी घालतंय गाडीत."

सामान चढलं. गाडीच्या मधोमध गादीपुरती जागा राहिली. धाकू, रामा आणि दोघे हमाल आत गेले आणि गादीची चार टोकं धरून त्यांनी आत्मारामला उचललं. त्याचे डोळे तेवढे उघडे होते.

इकडे येसूबाई चुलीपाशी बसली होती. नव्या चुलीत जुन्या चुलीचाच विस्तव घालायचा, शेजारून मागायचा नाही, ही तिच्या सासूची शिकवण. तांब्यापितळेची भांडी गाडीत गेली होती. उरलं होतं एक मडकं. तिने त्यात निखारे भरले आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून ती लगबगीने पुढे होऊन अंगणात उतरली.

आळीतली माणसं जागच्या जागी थांबली. समोरच्या हौसाने तोंडाला पदर लावला. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

येसूबाईला आधी कळलंच नाही. मग तिने मागे वळून पाहिलं. चौघांच्या हातात आडवा नवरा, आणि त्याच्या पुढे विस्तवाचं मडकं धरून आपण! मडकं खाली ठेवावं की तसंच धरावं, हे तिला सुचेना. आत्मारामने ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"ठेवा रे खाली," धाकू म्हणाला.

गादी ओसरीवर टेकली. धाकू सावकाश येसूबाईकडे आला, कानामागची विडी काढून मडक्यावर वाकला आणि त्याने ती निखाऱ्यावर पेटवली. चांगला लांब झुरका घेतला.

"बऱ्या येळेला आलीस गो वयनी! सकाळधरनं काडी गावत नव्हती."

रामा फिसकन हसला. हौसाही हसली. म्हाताऱ्याने ओशाळून टोपी डोक्यावर चढवली. धाकूने ते निखारे गाडीतल्या लोखंडी घमेल्यात ओतून रामाच्या हाती दिले, मडकं घराशेजारच्या परड्यात भिरकावलं आणि आत्मारामपाशी उकिडवा बसला.

"चुकी माझी, तांडेलदादा. तुमास्नी गादीवर घातलं म्हंजे काय? तुमी काय भाताची गोणी? बसून येताव?"

आत्मारामने डोळे उघडले. धाकूकडे बघत त्याने होकाराची मान हलवली.

गाडीच्या पुढच्या बाजूला घडी केलेली गादी टाकून त्याला बसवलं. पाठीला पेटी आणि कमरेभोवती येसूबाईचं जुनं लुगडं करकचून बांधलेलं. धाकूने बैलांचा कासरा त्याच्या चांगल्या डाव्या हातात दिला.

"सुकानू तुमच्याकडं. मी आपला बाजूनं चालतंय."

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली तेव्हा येसूबाईच्या ध्यानात आलं की झाडगावला जायला हा वळसा आहे. पदराने डोळे पुसत ती मागून चालत राहिली. सख्ख्या भावाला सुचलं नसतं ते या परक्या माणसाला सुचलं होतं.

धक्क्यावर जुने खलाशी बसले होते. त्यातला गंगाराम ताडकन उठला. तो ओरडला, "तांडेल! पडावाला बैल कवापासून जुंपलेस?"

आत्मारामने समुद्राकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द जुळायला वेळ लागला.

"वारा... पडलाय."

धक्का हसला. आत्मारामही हसला, अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून.

झाडगावात जुन्या विस्तवावर नवी चूल पेटली. पहिलं भाताचं पान येसूबाईने धाकूला वाढलं. "भावजी, तुमचे उपकार—" म्हणत तिने वाटीत कढी ओतली.

"माझे कसले? गाडी त्यांनी हाकली. माझी नुसती तंगडतोड," असं म्हणत धाकूने कढीचा भुरका मारला.

गाडी रिकामी होऊन परत गेली. येसूबाईने भात कालवला आणि नवऱ्याचे हात धुवायला तांब्या आणला. निर्जीव उजवा हात तिने उचलून धुतला, पुसला. मग डावा धरायला गेली, तर आत्मारामने तो मागे घेतला. मूठ घट्ट मिटलेली होती. तिने हळूच बोटं उकलून पाहिली. तळव्यावर कासऱ्याचा लाल वळ उठला होता.

तो हात न धुताच तिने तांब्या बाजूला ठेवला आणि पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं.