पीटी सरांचा विश्राम

ताप आला आणि गेला, पण जाताना पीटी सरांच्या अंगातलं त्राण घेऊन गेला. ज्या माणसाने आयुष्यभर शिट्टी फुंकून पोरांना मैदानाभोवती पिदडलं, "पोट दुखतंय? पोटाने धावतोस काय रे?" असं म्हणत एकाचीही सबब ऐकून घेतली नाही, तो माणूस आता पलंगापासून खिडकीपर्यंत जायचा आणि परत यायचा. बस, एवढाच व्यायाम. डॉक्टरीणबाईंनीच तो ठरवून दिला होता. दमायच्या आधी थांबायचं, असं त्या म्हणाल्या. आता सांगा, हे सरांना कसं जमावं? दमल्यावरही थांबू नये, एवढंच तर त्यांनी जन्मभर शिकवलेलं!

त्यामुळे दोनदा आपटी खाल्लीच. या दुखण्याची खोडच अशी, की जास्त झालेलं त्या दिवशी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी ते अंग मोडून टाकतं. दुसऱ्या खेपेला तर सरांना चमचाही धरवेना. बायकोने महिनाभर भरवलं. "आता तिसऱ्यांदा पडलात, तर कितपत उठाल ते मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. चिडले नाहीत, घाबरले नाहीत. काहीच नाही.

हे 'काहीच नाही'च बायकोला खात होतं. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा नवरा तिने इतकी वर्षं सांभाळलेला. एकदा तिने मुद्दाम भाजीत मूठभर मीठ ओतलं. म्हटलं, ओरडतील तरी! सरांनी भाजी संपवली, वर पाणी प्यायलं आणि कूस बदलली. ती स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. सरांना ते ऐकू आलं. ऐकू आलं, एवढंच.

त्या सकाळी सरांचा घसा धरला होता, अंग कसकसत होतं. बायको कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या कामावर. निघताना तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आज खिडकीसुद्धा नाही. पडून राहायचं. कळलं?"

"कळलं."

तिची पाठ वळते न वळते तोच सर उठून खिडकीशी गेले. खाली शाळेचं मैदान. नवे मास्तर कवायत घेत होते. रांगेतली एक मुलगी पोट धरून पुढे आली, तर मास्तरांनी तिला खुशाल सावलीत बसवलं, वर पाण्याची बाटली दिली. एरवी सरांचं डोकं सणकलं असतं. त्यांनी आत चाचपून पाहिलं. राग नाही. कौतुकही नाही. मेलेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं.

मग त्यांना एक नामी कल्पना सुचली; निदान त्यांना तरी ती नामी वाटली. रक्त सळसळलं की राग आपसूक येईल! आजवर तसाच तर यायचा. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि बैठका सुरू केल्या. थोड्याच वेळात डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय लटलटले, छातीत धडधड, घशात आग. आणि आत? आत ठणठणाट. म्हणून आणखी एक. मग आणखी एक.

बायको चष्मा विसरली म्हणून परत आली, तेव्हा सर अर्धवट वाकून खुर्चीला लटकले होते. तिने आरडाओरडा केला नाही.

"बसा," ती म्हणाली.

"दोनच राहिल्यात गं."

"अहो, तुम्हाला विश्रांती सांगितलीय, विश्रांती! तुम्हाला मेलं ते कवायतीतलं 'विश्राम' एवढंच ठाऊक. पाय फाकवायचे, हात मागे बांधायचे आणि उभंच राहायचं. तुमच्या विश्रामातसुद्धा माणसाला बसायला मिळत नाही!"

सर बसले. बराच वेळ धापा टाकत राहिले.

"मला काही वाटतच नाही," ते म्हणाले. "कशाचंच. तू रडतेस तेव्हासुद्धा. म्हटलं, व्यायामाने येईल."

तिने चपला काढल्या, कारखान्यात फोन करून दोन दिवसांची रजा टाकली आणि त्यांना पलंगावर निजवलं.

दुसरा दिवस दुपारपर्यंत बरा गेला. "निभावलं वाटतं," ती म्हणालीसुद्धा. जेवण झाल्यावर सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातून निसटला. बोटं मिटेचनात. पेला गडगडत गेला, पाणी पलंगाखाली पसरलं.

ती फडकं आणून खाली बसली, पुसू लागली. पुसून झालं, पण तिला उठता येईना. एक हात कमरेवर, दुसऱ्याने पलंगाचा पाय धरलेला; तिने जोर केला, पुन्हा बसली, पुन्हा जोर केला. सर वरून पाहत होते. मी असा पडलेला, मग हिला कोण उठवणार? त्यांच्या तोंडाला कोरड पडली. हे काय होतंय, ते आधी त्यांना कळेचना.

"अगं," ते म्हणाले, "मला भीती वाटतेय."

ती ओल्या फरशीवर मटकन बसली.

"वाटतेय? खरंच?"

"खूप वाटतेय गं." त्यांचा आवाज फाटला. "हात मिटत नाहीये माझा."

तिने तो न मिटणारा हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठमोठ्याने रडू लागली.

"वाटू दे," ती म्हणाली. "चांगली वाटू दे हो."