साहेबांची हाक

तात्यापारा गल्लीतला नरहरी कोर्टात अर्दली होता. जजसाहेब खोलीतून निघाले की त्यांच्या पुढं चालायचं आणि दारात खणखणीत हाक द्यायची, "साहेब!" हाक पडली की अख्खं कोर्ट उभं राहायचं. तीस वर्षं एवढंच काम. पण काय ऐट होती हो त्याची!

मग जज होऊन आली मंदाकिनी. त्याच्याच गल्लीतली पोट्टी. यानंच तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलेलं. ती आली म्हणून गल्लीभर पेढे वाटले यानं, पण पहिल्याच दिवशी दारात जीभ अडली. कालच्या पोट्टीला साहेब म्हणायचं? कसंबसं पुटपुटला, "मॅडम." अर्धे वकील बसूनच राहिले. मंदाकिनी खुर्चीमागे उभी राहिली, शेवटचा वकील उठेपर्यंत. मगच बसली.

संध्याकाळी तिनं त्याला आत बोलावलं. "काका, घरी मले मंदीच म्हणा. पण तिथं बाकीच्यांना जी हाक देता, तीच मले द्या न."

"हव," म्हणाला हा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "मॅडम." दोन वर्षं! एक शब्द जड झाला मेल्याला. ती रोज उभी राहून वाट पाहायची. पुन्हा कधी बोलली मात्र नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला ताप आला आणि चार दिवसांत मंदाकिनी गेली.

कोर्ट उघडलं. नवे हिंदीभाषी जज शेखरसाहेब आले. नरहरीनं हाक दिली, सगळे उठले, सगळे बसले. खुर्चीमागे मंदाकिनी उभी होती, दाराकडे बघत. नरहरीनं आजूबाजूला पाहिलं. बाकी कोणाला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. मग रोजच.

बायको म्हणाली, मारुतीला नारळ फोडा, भूत असंल.

"भुताले भेत नाही मी. ते काहून उभी आहे, मले मालूम आहे. मी रिटायर झालो तर तिले बसवंल कोण?"

नोकरीचा शेवटचा दिवसही उजाडला. नरहरीनं हाक दिली. शेखरसाहेब बसले, कोर्ट बसलं. ती उभीच. नरहरी दारातून हलला नाही. छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा ओरडला, "साहेब!"

सवयीचे गुलाम सगळे! वकील, पक्षकार, बाबू धडाधड उठले. कोणी मोठे जज आले असतील म्हणून शेखरसाहेबही खुर्ची सोडून बाजूला झाले. रिकाम्या खुर्चीपुढं अख्खं कोर्ट उभं.

मंदाकिनी पुढं आली. गळ्याची पांढरी पट्टी सारखी केली आणि बसली.

"कौन आया, नरहरी?" शेखरसाहेबांनी दाराकडे बघत विचारलं.

खुर्चीकडे बघत नरहरी म्हणाला, "आयी तो कब की थीं, साहब. पुकारा मैंने आज."