जावेची साखर

जावेचं बरं व्हावं असं अप्पायम्मालाही वाटे. फक्त आपल्याआधी नको.

दोघींच्या किडन्या मधुमेहानं गेलेल्या. आंध्रातल्या पलासा गावच्या डायलिसिस केंद्रात दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी. अप्पायम्मा भातही चिमटीनं खायची, तरी तिची तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेलीच. धाकटी पैडितल्ली मात्र संक्रांतीचे अनारशांसारखे गोड अरिसेलु उगादीपर्यंत पुरवून खाई, आणि तिचा रिपोर्ट धडधाकट माणसाला लाजवेल असा!

"तिच्याकडून शीक जरा," सासू म्हणायची. "हसतखेळत असते ती. तू नुसती कुढतेस."

त्या दिवशी पैडितल्लीनं काजूपाक तोंडात टाकला आणि दुसरा तुकडा पुढे केला. "घे ना अक्का! माझा रिपोर्ट बघितलास ना? काही होत नाही."

अप्पायम्माचं डोकंच फिरलं. "सिस्टर, हिच्या बोटाची साखर बघा. आत्ता, सगळ्यांसमोर!"

"बघा की!" पैडितल्ली हसली.

आकडा बघून सिस्टरनं तिला काजूपाकाचे चिकट हात धुवायला लावले, पुन्हा सुई टोचली. चारशेच्या वर. अप्पायम्माचा जीव कसा गार झाला.

डॉक्टर हारिका धावत आल्या. "ती तीन महिन्यांची तपासणी तांबड्या पेशींवरून होते. पेशी जुनी होईल तशी तिच्यावर साखर चढत जाते. हिला नुकतंच रक्त चढवलंय, रक्तवाढीची इंजेक्शनं चालू आहेत. पेशी सगळ्या नव्या, म्हणून रिपोर्ट चांगला दिसला. आम्हीच ओळखायला हवं होतं." मग हळूच विचारलं, "नीट दिसतं का?"

"सुईत दोरा जात नाही हल्ली," पैडितल्ली पुटपुटली. तिचं हसू मावळलं होतं. "मला वाटलं, वय झालं."

इन्शुलिन सुरू झालं. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले.

"अक्का, तुझ्यामुळे वाचले गं," पैडितल्लीनं तिचे हात धरले. आपण कशापायी बोललो होतो ते अप्पायम्माला ठाऊक होतं. तिला मान वर करवेना.

संध्याकाळी घरी सासू धाकटीला जवळ बसवून स्वतःच्या हातानं अंबील भरवत होती. अप्पायम्मा दारातून बघत राहिली.

"मला नाही कधी भरवली," ती स्वतःशीच म्हणाली, आणि भांडी जरा जोरातच आपटत घासायला बसली.